तांब्याच्या रक्ताचा हिशोब : कुत्र्याच्या वृषणातली गाठ कशी ओळखायची

आधी मोजा. दोन आहेत का?

हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघतो, मग जमिनीकडं. अहमदपुरात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करून सतरा वर्षं झाली. रोज तीस-चाळीस माणसांचं रक्त-लघवी हाताखालून जातं, त्यामुळं लाजायची सोय मला उरलेली नाही. तुमच्या घरी, आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) किंवा शेळ्यांमागं नर कुत्रा असेल, त्यातही तो सहा-सात वर्षांपुढचा असेल, तर हे वाचून झालं की उठा आणि त्याच्या मागच्या पायांमध्ये हात घाला. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या तांब्या नावाच्या कुत्र्याच्या बाबतीत ही दोन मिनिटं घरातल्या कुणीच काढली नाहीत, मीसुद्धा नाही.

कुत्र्याला उभं ठेवा. त्याच्या ओळखीचं एक माणूस तोंडाशी बसवा, हातात भाकरीचा तुकडा द्या. तुम्ही मागून वृषणांची पिशवी तळहातावर घ्या आणि एकेक गोळी अंगठा आणि दोन बोटांत धरून हळूच फिरवा. निरोगी वृषण उकडून सोललेल्या अंड्यासारखं लागतं: गुळगुळीत, दाबलं तर किंचित दबणारं, कुठं खड्डा नाही की उंचवटा नाही. त्याच्या वरच्या कडेला दोरीच्या गुंडाळीसारखं काहीतरी हाताला येईल. ती गाठ नव्हे, शुक्राणू साठवणाऱ्या नळीचं वेटोळं आहे. पहिल्यांदा हात लावणारा हमखास तिथंच घाबरतो.

मग दोन्हींची तुलना करा. एकात टणक गाठ आहे का, एक फुगलंय का, हे सगळेच बघतात. मी म्हणते, लहान झालेलंही नीट बघा. एक वृषण मोठं आणि दुसरं वाळल्या बोरासारखं मऊ, बारीक झालं असेल, तर मोठ्यातली गाठ नुसती वाढत नाही, ती हार्मोन सोडतेय आणि त्या हार्मोननं दुसऱ्याचं काम बंद पाडलंय, असा संशय घ्यायला हवा.

आणि पिशवीत एकच असेल तर? आपल्याकडं म्हणतात, 'एकच हाय त्याला, जन्मापासून.' जन्मापासून खरोखर एकच वृषण असलेला कुत्रा फार म्हणजे फारच दुर्मिळ. दुसरं असतंच, ते खाली उतरलेलं नसतं. पिल्लाची वृषणं पोटातून जांघेतल्या वाटेनं खाली येतात. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लात ती हाताला लागायला हवीत आणि सहा महिने झाले तरी दुसरं आलं नाही तर ते अडकलं असं धरायचं. जास्त करून उजवं अडकतं. कुत्र्याला पाठीवर झोपवून पिशवीपासून जांघेच्या घडीपर्यंत कातडीखाली बोटं फिरवा, कधी कधी तिथं सापडतं. नाही सापडलं तर ते पोटात आहे, आणि तिथं सोनोग्राफीशिवाय कुणालाच दिसणार नाही.

अडकलेल्या वृषणात गाठ व्हायची शक्यता खाली उतरलेल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, आणि ती कमी वयात होते. एरवी ही दहाएक वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्यांची गोष्ट.

तांब्याला एकच होतं. डावं.

तो कारवानी, म्हणजे धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या जातीचा. आप्पांनी चाकूरकडच्या एका गावातून पिल्लू आणलं तेव्हा तांब्याच्या भांड्यासारखा रंग, म्हणून नाव तांब्या. रात्री हरभऱ्यात रानडुकरं शिरली की हा सुटायचा आणि बांधापलीकडं घालवूनच परत यायचा. आठव्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्याच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ झाले. मग मांड्या, मग शेपटीच्या बुडाशी. भावानं खरूज समजून गंधकाचं मलम लावलं. आता विचार केला तर दोन गोष्टी तेव्हाच डोळ्यांत भरायला हव्या होत्या. केस डावी-उजवीकडं अगदी आरशात बघितल्यासारखे सारखे गेले होते, आणि तांब्या खाजवत नव्हता. खरजेचं कुत्रं रात्रभर झोपू देत नाही.

दिवाळीपर्यंत त्याची स्तनाग्रं सुजून लांबली. लिंगावरची कातडी सैल होऊन लोंबायला लागली. पाय वर करून मुतणारा कुत्रा कुत्रीसारखा बसून मुतायला लागला. आणि गावातले नर त्याच्या मागं लागले. पारावर लोक हसायला लागले. 'आप्पा, तुमच्या पैलवानाचं लगीन ठरलंय जनू.' आप्पांनी त्याला पारावर न्यायचं सोडलं, पण दवाखान्यात काही नेलं नाही. लाज ही अशी. त्या आजाराची सगळ्यात ठळक खूण गावासमोर होती आणि ती चेष्टेत गेली.

एक खूण मात्र कुणालाच माहीत नसते, म्हणून सांगते. कुत्रा पाठीवर झोपवला की लिंगाच्या आवरणाच्या खालच्या अंगानं, टोकापासून पिशवीकडं जाणारी एक बारीक रेघ बघा. लालसर किंवा काळपट. हार्मोन सोडणाऱ्या वृषणाच्या गाठीत ही रेघ उठू शकते आणि दुसऱ्या कुठल्या आजारात ती क्वचितच दिसते. तांब्याला ती होती. मी ती अगदी शेवटी बघितली. म्हणजे उशिरा.

आत काय चाललेलं असतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचे रिपोर्ट कळतील. कुत्र्याच्या वृषणात मुख्यतः तीन जातींच्या गाठी होतात. शुक्राणूंच्या मूळ पेशींपासून होते ती सेमिनोमा. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, बनवणाऱ्या लायडिग पेशींची दुसरी. ती बहुतेक वेळा बारीक, गप्प असते आणि म्हाताऱ्या कुत्र्यात सापडली तरी सहसा फार त्रास देत नाही. तिसरी सर्टोली पेशींची. या पेशींचं वर्णन एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञानं १८६५ मध्ये केलं. त्यांचं काम दाईचं: वाढणाऱ्या शुक्राणूंना सांभाळायचं, खाऊ घालायचं. वृषण पोटात अडकलं तर तिथल्या उष्णतेत शुक्राणू तयार होत नाहीत, पण या दाया तगून राहतात. त्यांची गाठ झाली की काही कुत्र्यांत ती इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं हार्मोन, सोडत सुटते. प्रत्येक गाठ असं करत नाही. साधारण चारात किंवा तिनात एखादी करते, आणि गाठ पोटात असेल तर हे प्रमाण बरंच वाढतं.

इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूतून वृषणांना जाणारा हुकूम थांबतो, म्हणून दुसरं वृषण सुकतं आणि टेस्टोस्टेरॉन घटतं. केस, स्तनाग्रं, बसून मुतणं हे सगळं त्यातून येतं. पण यातलं काहीच कुत्र्याला मारत नाही. मारतं ते हाडात घडणारं.

रक्ताच्या तिन्ही जातींच्या पेशी हाडाच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होतात. कुत्र्याचा मगज इस्ट्रोजेनला फार हळवा असतो. सतत जास्त इस्ट्रोजेन मिळालं की तो हळूहळू काम थांबवतो. आपल्या भागातल्या माणसाला मी असं सांगते: कारखान्याच्या फाटकावर उसाच्या गाड्या उभ्या आहेत, पण बॉयलर विझलाय. आता आणखी ऊस आणून काय होणार? लोहाचं टॉनिक म्हणजे तो ऊस. तांब्याला महिनाभर लोहाचं टॉनिक चालू होतं. शिवाय टेस्टोस्टेरॉन लाल पेशी बनवायला हातभार लावतं, तेही इथं घटलेलं असतं.

आता रक्ताचा क्रम. हा पाठ करा, कारण रिपोर्ट वाचताना घोळ इथंच होतो. कुत्र्याची लाल पेशी शंभर-सव्वाशे दिवस जगते, प्लेटलेट आठवडाभर, आणि पांढऱ्यातल्या मुख्य पेशी रक्तात काही तासच असतात. मगज बंद पडत गेला की प्लेटलेट आधी घसरतात. लाल पेशींचा साठा महिनोन्‌महिने पुरतो, म्हणून हिमोग्लोबिन सावकाश उतरतं आणि सगळ्यात शेवटी लोकांच्या लक्षात येतं. पांढऱ्या पेशी मात्र फसवतात. सुरुवातीला त्या उलट वाढतात, चांगल्या तीस हजारांच्या घरात जातात, आणि मग एकदम कोसळतात. निरोगी कुत्र्यात पांढऱ्या पेशी साधारण ६ ते १७ हजार, प्लेटलेट २ ते ५ लाख, हिमोग्लोबिन १२ ते १८ आणि रक्तातला लाल पेशींचा भाग, म्हणजे पीसीव्ही, ३७ ते ५५ टक्के असतो.

फेब्रुवारीत तांब्याचा घोळणा फुटला. रात्रभर नाकातून थेंब थेंब. सकाळी भाऊ जनावरांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला आणि रक्ताची नळी मोटारसायकलवरून माझ्याकडं आली. हिमोग्लोबिन ९.८, पांढऱ्या पेशी २९,४००, प्लेटलेट ८४ हजार. डॉक्टरांनी गोचीड ताप धरून डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स दिला. हा निदानाचा अंदाज वेडगळ नव्हता. आपल्याकडं नाकातून रक्त आणि कमी प्लेटलेट दिसल्या की दहातले नऊ डॉक्टर एर्लिकियाच, म्हणजे गोचीड तापाचा जंतूच, धरतील, आणि बहुतेक वेळा बरोबर असतील. पण पांढऱ्या पेशी जवळजवळ तीस हजार का, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा. मशीननं आकडे दिले, मी रिपोर्टवर सही केली. स्लाइड केली नव्हती, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं नव्हतं. घरच्या कुत्र्याचं रक्त म्हणून पैसेही लावले नव्हते, आणि बघितलंही तसंच.

पाच आठवड्यांनी दुसरी नळी आली. हिमोग्लोबिन ६.१, पांढऱ्या पेशी २,३००, प्लेटलेट २१ हजार. या वेळी स्लाइड केली. मगज जिवंत असला आणि रक्त कमी पडलं तर तो कच्च्या लाल पेशी बाहेर सोडतो, त्या आकारानं मोठ्या आणि निळसर दिसतात. तांब्याच्या स्लाइडवर क्षेत्रामागून क्षेत्र सरकवलं, एक निळसर पेशी दिसेना. दुकानच बंद होतं.

रविवारी गावी गेले. आप्पा ओट्यावर बसले होते. मी तांब्याला आडवा करून मागच्या पायांत हात घातला तर म्हणाले, "काय बघूलालीस गं तिथं?" पिशवीतलं डावं वृषण सुपारीएवढं आक्रसलं होतं. उजवं नव्हतंच. पोटावर दोन्ही हात ठेवून दाबलं तेव्हा बेंबीच्या मागं काहीतरी घरंगळल्यासारखं लागलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: गोचिडीला दोष द्यायच्या आधी पिशवी चाचपा. गोचीड ताप आणि गाठ एकाच कुत्र्यात असू शकतात. गोचीड तापाची अँटिबॉडी किट पॉझिटिव्ह आली तरी त्याचा अर्थ त्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती इतकाच, आणि आपल्या रानातल्या कुत्र्यांची ती पडलेली असायचीच. जुनाट एर्लिकियातही मगज बसतो, तिन्ही पेशी घटतात, त्यामुळं नुसत्या आकड्यांवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. हातानं करता येतात.

घरी बघायचं झालं तर हिरड्या दिवसाच्या उजेडात बघा, टॉर्चनं नको. ओठ वर करून शेजारच्या निरोगी कुत्र्याच्या हिरड्यांशी ताडून पाहा. काळ्या हिरड्यांचं कुत्रं असेल तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. मग पोटाची, मांडीच्या आतली केस नसलेली कातडी: तिथं मोहरीहून बारीक तांबडे ठिपके असतील आणि बोटानं दाबून ते मावळत नसतील, तर प्लेटलेट घसरल्यात. काळी, डांबरासारखी विष्ठा, लघवीत रक्त, घोळणा, विनाकारण ताप, यातलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

रक्त काढताना डॉक्टरांना सांगा की पुढच्या पायातून काढा, मानेतल्या मोठ्या शिरेतून नको. प्लेटलेट कमी असतील तर मानेतलं रक्त थांबवणं अवघड जातं. पायावर पाच मिनिटं दाबून धरा, पुन्हा पुन्हा उचलून बघू नका. जांभळ्या टोपणाच्या नळीत खुणेपर्यंत रक्त, मग नळी आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी. हलवायची नाही, ताक घुसळल्यासारखं तर मुळीच नाही. जमलं तर तिथंच ताज्या रक्ताच्या दोन स्लाइड करून घ्या. नळी फडक्यात गुंडाळून बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट टेकवू नका, गोठलं की पेशी फुटतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीपार जातो आणि लोक मोटारसायकलच्या डिकीत नळी घालून आणतात. ते रक्त तपासण्यात अर्थ नसतो, मी परत पाठवते.

तालुक्याला बहुतेक लॅब माणसांच्याच असतात, तर तिथं काय मागायचं? सांगा की हे कुत्र्याचं रक्त आहे. मशीनला जनावरांची सोय नसेल तर हिमोग्लोबिन बऱ्यापैकी धरता येतं, पीसीव्ही नळी फिरवून काढता येतो, पण प्लेटलेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. कुत्र्याच्या प्लेटलेट गोळा होऊन चिकटतात आणि मशीन त्या मोजतच नाही. स्लाइडवर बघायला सांगा. शंभराच्या ऑइल लेन्सखाली दहा क्षेत्रांत प्लेटलेट मोजून सरासरी काढायची आणि पंधरा हजारांनी गुणायचं. आठ-दहाहून जास्त असतील तर बरं. तांब्याच्या स्लाइडवर एक, कधी दोन, कधी एकही नाही.

कारवानी, पश्मी ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातींचा पीसीव्ही मुळातच जास्त असतो, पन्नास-साठ टक्के. त्यांचा ३८ टक्के छापील रिपोर्टवर 'नॉर्मल'मध्ये बसेल, पण तो त्यांच्यासाठी कमी आहे. मी आपल्या कारवानीलाही हेच माप लावते. कुत्रा तरणा आणि ठणठणीत असताना एकदा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी, करून तो कागद घरात जपून ठेवा. पुढं तोच खरा नॉर्मल.

एक तपासणी फारशी कुणी करत नाही आणि तिचा खर्च चहापाण्याएवढा आहे. सलाइनमध्ये भिजवलेली कापसाची काडी लिंगाच्या आवरणात आत फिरवायची, स्लाइडवर लोळवायची, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. निरोगी नरात तिथल्या पेशी गोलसर, मधोमध ठसठशीत केंद्रक असलेल्या दिसतात. इस्ट्रोजेन वाढलं असेल तर मोठ्या, चपट्या, कोपरे दुमडलेल्या पेशी, वाळल्या पानांसारख्या, बऱ्याच बिनकेंद्रकाच्या. माजावर आलेल्या कुत्रीच्या योनीत जशा दिसतात अगदी तशा. तांब्याच्या स्लाइडवर पानगळ होती. इस्ट्राडिओलची (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) महागडी रक्त-तपासणी करायची घाई करू नका. एकच आकडा बऱ्याचदा नॉर्मल येतो, कारण टेस्टोस्टेरॉनच्या मानानं इस्ट्रोजेन किती हे महत्त्वाचं असतं.

संशय पक्का झाला की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, आणि शस्त्रक्रियेच्या आधी रक्त द्यावं लागेल का. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गावातून हलवणं जमत नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर आधी सल्ला घ्या. उपाय एकच आहे, दोन्ही वृषणं काढणं. गाठीचं तर काढायचंच, पण दुसरंही. त्यात लपलेली छोटी गाठ असू शकते, आणि अडकलेल्या वृषणाचा दोष पिल्लांत उतरतो, त्यामुळं तो नर वळूसारखा वापरायचाच नसतो. गाठ दुसरीकडं पसरण्याचं प्रमाण कमी आहे, म्हणून वेळेत काढली तर बहुतेक कुत्री बरी होतात. काढलेली गाठ फेकू देऊ नका, फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीला पाठवा, कुठल्या जातीची होती ते त्याशिवाय कळत नाही.

दोन गोष्टी घरी अजिबात करू नका. माणसांची दुखण्याची गोळी द्यायची नाही: आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, काहीच नाही. प्लेटलेट आधीच नाहीत, त्यात पोटात रक्तस्राव होतो. आणि चुकून लागलेली कुत्री गाभण राहू नये म्हणून इस्ट्रोजेनचं इंजेक्शन द्यायची पद्धत काही ठिकाणी अजून ऐकू येते. तीच विषबाधा, गाठीशिवाय. कुत्रीचा मगजही असाच बसतो.

तांब्याला एका मोठ्या शहरात नेलं. शेजारच्या वाडीवरच्या धनगराचा दांडगा कुत्रा गाडीत घालून बरोबर घेतला, त्याचं रक्त दिलं. कुत्र्याला पहिल्यांदा दुसऱ्याचं रक्त देताना सहसा मोठी उलटी प्रतिक्रिया येत नाही, दुसऱ्या वेळेला मात्र जुळवणी हवीच. पोटातून निघालेली गोळी मोसंबीएवढी होती, आत पाण्याच्या पोकळ्या. रिपोर्ट आला: सर्टोली पेशींची गाठ. शस्त्रक्रिया नीट झाली. पण इस्ट्रोजेनचा झरा बंद झाला तरी मगजाला पुन्हा पेटायला आठवडे लागतात, कधी महिने, आणि कधी तो पेटतच नाही. दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी ७०० होत्या. अकराव्या दिवशी ताप चढला आणि संध्याकाळी तो आखाड्यावरच्या लिंबाखाली गेला. आप्पांनी स्वतः खड्डा खणला. कुणाला हात लावू दिला नाही.

जाता जाता बाप्यांसाठी. लॅबमध्ये हा विषय निघाला की एखादा हळूच विचारतो, 'मॅडम, माणसाला होतं का असं?' होतं. माणसाच्या वृषणातली गाठ बहुतेक वेळा शुक्राणूंच्या मूळ पेशींची असते आणि ती म्हातारपणी नव्हे, ऐन पंधरा ते पस्तिशीत जास्त दिसते. न दुखणारा टणक गोळा ही तिची पहिली खूण. काही गाठी एचसीजी नावाचं हार्मोन सोडतात आणि त्यामुळं छाती सुजते. माणसाचा मगज कुत्र्यासारखा इस्ट्रोजेननं बंद पडत नाही. आणि ही गाठ वेळेत दाखवली तर बरं होण्याचं प्रमाण कर्करोगांमध्ये सगळ्यात चांगल्यांपैकी आहे. दुखत नाही म्हणून सहा महिने अंगावर काढू नका, एवढंच. चड्डी काढायला डॉक्टरसमोर लाजायचं असेल तर तांब्याच्या पारावरच्या चेष्टा आठवा.

तांब्या गेल्यावर मला आठवलं की तो ज्या वेतातला, त्यातला आणखी एक नर वाढवण्याकडच्या एका गावात आहे. वादळ त्याचं नाव. फोन करून मालकाला पहिलाच प्रश्न विचारला, "काका, दोन आहेत का?" पलीकडं बराच वेळ शांतता. मग, "एकच हाय की. कसं कळलं तुला?"

वादळच्या कुशी भरलेल्या होत्या, पारावर त्याची चेष्टा नव्हती. हिमोग्लोबिन १७, सगळं जागच्या जागी. फक्त कापसाच्या काडीच्या स्लाइडवर गोल पेशींमध्ये मधूनच वाळकी पानं दिसली. काका शस्त्रक्रियेला तयार नव्हते. "खच्ची केलं की कुत्रं मऊ पडतंय गं. बैलागत नांगराला जुंपायचंय का त्याला?" काकू आतून म्हणाल्या, "नऊ वर्षाचं झालंय ते. आता काय पाळणा हलवायचाय का तुम्हाला?" त्यावर विषय मिटला. जांघेत अडकलेलं उजवं निघालं ते लिंबाएवढं, आत करड्या रंगाची गाठ. वादळ तिसऱ्या दिवशी ताटातली भाकरी पळवून पळाला.

दिवाळीनंतर काका अहमदपूरच्या बाजाराला आले तेव्हा त्याला टेम्पोत घालून घेऊन आले. रानडुकरानं खांद्याला फाडलं होतं, डॉक्टरांनी टाके घातले आणि रक्त माझ्याकडं पाठवलं. मशीननं आकडे छापून कागद बाहेर टाकला. मी तो बाजूला ठेवला, स्लाइड रंगवली आणि ऑइल लेन्स खाली घेतली. एका क्षेत्रात सोळा, पुढच्यात चौदा, मग पुन्हा सोळा. दहाही क्षेत्रं मोजली आणि मग सही केली.